फलक खाली ठेवणारी मुलगी

ख्रिस्ती वाङ्मयात आत्मकथनाला मानाचे स्थान आहे. संत ऑगस्टिनच्या 'कन्फेशन्स'पासून चालत आलेल्या या परंपरेत आपल्या मराठीने बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' यांची मोलाची भर घातली. या ग्रंथांत माणूस उंबरठा ओलांडून श्रद्धेच्या घरात येतो. मागे राहिलेल्यांचे दुःख, नात्यांची ताटातूट, समाजाचा रोष हे सारे आपण वाचतो आणि शेवटी समाधानाने पुस्तक मिटतो. कारण येणारा माणूस आपल्याकडे आलेला असतो. उंबरठा उलट दिशेने ओलांडणाऱ्या माणसाची कथा मात्र आपण सहसा हाती घेत नाही. घेतलीच, तर मनात आधीच एक निकाल तयार असतो.

मेगन फेल्प्स-रोपर या अमेरिकन लेखिकेचे 'अनफॉलो' हे आत्मकथन अशा तयार निकालांना धक्का देणारे आहे. न्यूयॉर्कच्या 'फारार, स्ट्रॉस अँड जिरू' या प्रकाशनसंस्थेने २०१९ साली ते प्रसिद्ध केले. एका बंदिस्त पंथात जन्मलेली, त्याच्या कडेवर वाढलेली आणि त्याचीच धारदार जीभ बनलेली एक तरुणी वयाच्या सव्विसाव्या वर्षी घर, आईवडील आणि सारा गोतावळा सोडून बाहेर कशी पडली, याची ही हकीकत आहे. ती बाहेर पडली त्यामागे मित्रांचा हात होता, आणि त्यांतला पहिला मित्र असा होता की, ज्याच्या समाजाच्या नावाने ती रस्त्यावर उभी राहून शिव्याशाप देत असे. पुस्तकाचा प्राण या मैत्रीत आहे.

प्रथम या पंथाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील टोपिका या शहरात लेखिकेचे आजोबा फ्रेड फेल्प्स यांनी १९५५ साली 'वेस्टबरो बॅप्टिस्ट चर्च' ही मंडळी स्थापन केली. सभासद जेमतेम सत्तर-ऐंशी, आणि त्यांतील बहुतेक फेल्प्स यांचीच मुले, सुना, जावई व नातवंडे. घरे एकमेकांना लागून, परसदार सामाईक, आणि मध्यभागी प्रार्थनामंदिर. आजोबा पेशाने वकील. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी त्यांनी न्यायालयात झुंज दिली होती, ही गोष्ट वाचकाला चकित करते. पुढे १९७९ साली कॅन्ससच्या न्यायालयांत वकिली करण्याचा त्यांचा अधिकार काढून घेण्यात आला. देवाने काही मोजकी माणसे तारणासाठी आणि उरलेली सर्व नरकासाठी आधीच निवडून ठेवली आहेत, ही या मंडळीची शिकवण. आणि ते मोजके लोक म्हणजे आपणच, ही तिची पक्की समजूत.

१९९१ साली या मंडळीने शहरातील एका उद्यानाजवळ समलिंगी व्यक्तींच्या विरोधात निदर्शने सुरू केली. पाच वर्षांची मेगन तेव्हा हातात फलक घेऊन उभी होती. भडक रंगांतील त्या फलकांवर देव कोणाकोणाचा द्वेष करतो याची यादी असे, आणि ती वर्षागणिक वाढत गेली. समलिंगी, यहुदी, कॅथलिक, सैनिक, अखेर सारे जग त्या यादीत आले. २००५ पासून युद्धात मरण पावलेल्या सैनिकांच्या अंत्यविधीपाशी हे लोक उभे राहू लागले. देशाच्या पापांची शिक्षा म्हणून देवाने हा मुलगा मारला, असे ते शोकाकुल आईबापांना सांगत.

यांतील एक प्रसंग आपल्याला अधिक जवळचा आहे. इराकमध्ये मृत्यू पावलेल्या मॅथ्यू स्नायडर या तरुण सैनिकाचा अंत्यविधी १० मार्च २००६ रोजी मेरीलँड राज्यातील वेस्टमिन्स्टर येथील संत योहानाच्या कॅथलिक चर्चमध्ये होता. चर्चपासून सुमारे हजार फुटांवर वेस्टबरोचे लोक उभे होते. पोप नरकात आहेत, असे सांगणारा एक फलक त्यांत होता. धर्मगुरूंवर बालकांच्या लैंगिक अत्याचाराचा आरोप करणारा दुसरा. मुलाच्या वडिलांनी दावा लावला. ज्यूरीने त्यांना एक कोटी नऊ लाख डॉलरची भरपाई देऊ केली, पण मार्च २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मताने भाषणस्वातंत्र्याच्या आधारे वेस्टबरोच्या बाजूने निकाल दिला. मंडळीतर्फे युक्तिवाद करणारी वकील ही लेखिकेची आत्याही नव्हे, परकी व्यावसायिकही नव्हे. ती तिची सख्खी मावशी होती. घरातली मंडळी किती बुद्धिमान आणि किती पाषाणहृदयी होती, याची कल्पना यावरून यावी. धर्मगुरूंविषयीच्या त्या फलकाला मात्र केवळ द्वेष म्हणून बाजूला सारण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यामागच्या वेदनेची कबुली आपल्या ख्रिस्तसभेला पुढे स्वतःच्या तोंडाने द्यावी लागली आहे.

इतके वाचल्यावर वाचकाची अपेक्षा होते की, लेखिका आपल्या घराचे चित्र काळ्या रंगात रंगवील. तसे घडत नाही, आणि येथेच पुस्तकाचे पहिले यश आहे. हे घर प्रेमळ आहे. आई शर्ली ही अकरा लेकरांची माता, वकील, मंडळीची प्रवक्ती. ती रोज मुलांना जवळ घेऊन बायबल वाचते, अर्थ समजावते, पाठांतर करून घेते. घरात गाणी आहेत, हास्यविनोद आहेत, आजारी माणसाची सेवा आहे. मुले सरकारी शाळेत जातात, उत्तम गुण मिळवतात आणि दुपारी फलक घेऊन रस्त्यावर उभी राहतात. आईच्या कुशीची ऊब आणि परक्याच्या शवपेटीसमोर गायलेली विटंबनेची गाणी या दोन्ही गोष्टी एकाच अंगणात नांदतात. लेखिका एकीने दुसरीला झाकत नाही. द्वेष शिकवणारी माणसे सैतानासारखी दिसतात, अशी आपली भाबडी समजूत असते. येथे ती आपल्या आईसारखी दिसतात, म्हणून पुस्तक वाचताना अंगावर काटा येतो.

'कल्ट' हा शब्द इंग्रजीत सहज फेकला जातो. त्याला मराठीत चपखल प्रतिशब्द नाही, आणि 'पंथ' हा आपला शब्द त्या मानाने फार सभ्य आहे. व्हॅटिकनने १९८६ साली पंथ व नव्या धार्मिक प्रवाहांविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला होता. माणसे अशा गटांकडे का ओढली जातात, याची त्यात केलेली मीमांसा आजही वाचण्याजोगी आहे. आपलेपणाची भूक, सोप्या व ठाम उत्तरांची ओढ, आपली कोणीतरी दखल घ्यावी ही इच्छा, आणि मोठ्या धर्मसंस्थेत जाणवणारे एकाकीपण, अशी कारणे तेथे नोंदवली आहेत. मेगन ओढली गेली नव्हती. ती तेथेच जन्मली होती. पण या साऱ्या भुका तेथे पुरेपूर भागत होत्या, म्हणून तर बाहेर पडणे इतके कठीण होते. तिचा थोरला भाऊ २००४ साली घर सोडून गेला, तेव्हा घराने त्याच्याशी संबंध तोडला आणि तिनेही तो तोडला. बाहेर पडणाऱ्याचे काय होते, हे तिला ठाऊक होते, कारण दार लावून घेणाऱ्यांत ती स्वतःही होती.

२००९ साली ती ट्विटर या माध्यमावर मंडळीची बाजू मांडू लागली. प्रभावी यहुदी व्यक्तींच्या एका यादीत डेव्हिड अबिटबोल हे नाव तिला दुसऱ्या क्रमांकावर दिसले. हा गृहस्थ जेरुसलेमचा रहिवासी, यहुदी तरुणांसाठी 'ज्यूलिशियस' हे व्यासपीठ चालवणारा. तिने त्याला पश्चात्ताप करण्याची धमकीवजा आज्ञा केली. त्याने थट्टेने उत्तर दिले. तिने टोमणा मारला, त्याने पुन्हा विनोद केला. आणि कधी, कसे ते दोघांनाही न कळता भांडणाचे संभाषण झाले. पुढे एका निदर्शनाच्या जागी दोघे समोरासमोर आले. त्याने तिच्यासाठी जेरुसलेमहून गोड पदार्थ आणला होता. तिने त्याच्यासाठी यहुदी आहारनियमांत बसणारे चॉकलेट आणले होते, आणि तिच्या हातात देव यहुद्यांचा द्वेष करतो असे सांगणारा फलकही होता. हा प्रसंग लेखिकेने कसलीही टीकाटिप्पणी न करता सांगितला आहे. मला तो संपूर्ण पुस्तकातील सर्वांत बोलका प्रसंग वाटतो.

या मैत्रीने पुढे काय केले, ते नीट समजून घेतले पाहिजे. अबिटबोलने तिला बायबल टाकून द्यायला सांगितले नाही, तिच्या देवाची टवाळी केली नाही. त्याने तिचाच ग्रंथ हाती घेतला. समलिंगी व्यक्तींना देहान्त शासन व्हावे, अशी मागणी करणारा एक फलक मंडळीकडे होता. त्याविषयी त्याने योहानाच्या शुभवर्तमानातील प्रसंगाची आठवण करून दिली: व्यभिचारात पकडलेली स्त्री, तिच्याभोवतीचा जमाव आणि पहिला दगड कोणी उचलावा हा प्रभू येशूने टाकलेला पेच. तिने ठरलेले उत्तर दिले की, आम्ही दगड मारीत नाही, आम्ही फक्त शब्द सांगतो. त्यावर तो म्हणाला की, तुम्ही तर सरकारने दगड मारावेत अशी मागणी करता. पुढे त्याने विचारले: तुझ्या आईचा पहिला मुलगा लग्नाआधीचा, तुमचाच न्याय लावला असता, तर तिला पश्चात्तापाची संधी कोणी दिली असती?

या प्रश्नाला मंडळीच्या कोठारात उत्तर नव्हते. तिने वडीलधाऱ्यांना विचारले. त्यांनी तेच वचन अधिक मोठ्या आवाजात म्हणून दाखवले. तेव्हापासून तिने तो एक फलक हातात धरणे बंद केले. बाकीचे फलक हातातच होते. संपूर्ण इमारतीतील एकच वीट हलली होती, पण ती पायातली होती.

दुसरा मित्र पुस्तकात 'सी. जी.' या आद्याक्षरांनीच येतो. हाही पेशाने वकील. शब्द जुळवण्याच्या एका खेळातून त्यांचा संवाद चाले. त्याने वाद घातले नाहीत. दुसऱ्याच्या मृत्यूवर आनंद मानणे किती कुरूप आहे, हे तो हळुवारपणे दाखवत राहिला. पहिल्या मित्राने तिची बुद्धी जागी केली, दुसऱ्याने तिची लाज जागी केली. याच सुमारास, २०११ नंतर, मंडळीचा कारभार आठ पुरुषांच्या हाती गेला. जिने आयुष्य वेचले त्या आईला उद्धट ठरवून गप्प बसवण्यात आले. बाहेरच्यांवर चालणारी निर्दयता घरात शिरली. २०१२ च्या उन्हाळ्यात एका तळघराच्या भिंती रंगवत असताना, आपण सारे चुकीचे तर नाही ना, हा विचार प्रथमच तिच्या मनात सबंध वाक्याच्या रूपाने उभा राहिला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये धाकटी बहीण ग्रेस हिला घेऊन ती घराबाहेर पडली. आईवडिलांना तोंडावर सांगून निघाल्याचा तो प्रसंग वाचताना कोणाही आईबापाचे डोळे कोरडे राहणार नाहीत.

निघाल्यावर जायचे कोठे? काही काळ त्या दोघी साउथ डाकोटा राज्यातील डेडवुड या गावी राहिल्या. नंतर अबिटबोलने त्यांना ज्या महोत्सवासमोर मेगन कधीकाळी फलक घेऊन उभी होती, त्याच महोत्सवात बोलायला बोलावले, आणि लॉस एंजेलिसमध्ये एका यहुदी रब्बीच्या घरी त्यांची राहण्याची सोय झाली. ज्यांना तिने शाप दिले होते त्यांनी तिला जेवू घातले. शत्रूवर प्रीती करण्याची प्रभूची आज्ञा आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे. या पुस्तकात ती आज्ञा पाळताना यहुदी माणसे दिसतात, ही गोष्ट ख्रिस्ती वाचकाने नम्रपणे लक्षात घेतली पाहिजे.

लेखिकेची शैली संयत आहे. लहानपणापासून पाठ केलेल्या जुन्या इंग्रजी बायबलचा नाद तिच्या वाक्यांत उतरला आहे. एखादे वचन एका प्रकरणात शस्त्र म्हणून येते आणि पुढे तेच औषध म्हणून परतते. ही योजना मनोज्ञ आहे. शीर्षकातही श्लेष आहे. ट्विटरवर एखाद्याचा पाठपुरावा सोडणे हा त्याचा वरवरचा अर्थ. पण 'अनुसरण' या शब्दाला आपल्या श्रद्धेत जे वजन आहे ते ध्यानात घेतले, म्हणजे एका अनुयायी मुलीने अनुसरण थांबवणे किती भयंकर असेल, ते उमगते.

पुस्तकात उणिवाही आहेत. घर सोडेपर्यंतचे कथन जितके घट्ट, तितके नंतरचे सैल आहे. शेवटच्या प्रकरणांत लेखिका संवादाचे महत्त्व पटवून देऊ लागते आणि आत्मकथनाचे व्याख्यान होते. २०१७ साली 'टेड'च्या व्यासपीठावर तिने जे भाषण केले, त्याची छाया या पानांवर पडली आहे. सी. जी. पुढे तिचा पती झाला. त्यामुळे सुटकेची कथा व प्रीतीची कथा एकमेकींत मिसळतात आणि त्या मैत्रीचे स्वतंत्र मोल जोखणे वाचकाला अवघड जाते. सर्वांत मोठी उणीव अशी की, ज्या आईबापांच्या दुःखावर या मंडळीने मीठ चोळले, ती माणसे पुस्तकाच्या कडेलाच राहतात. लेखिकेला पश्चात्ताप आहे, तो खराही आहे. पण शवपेटीच्या पलीकडच्या बाजूला उभे राहून तो क्षण पाहण्याचे धैर्य तिला पुरते झालेले नाही.

कॅथलिक वाचकाला आणखी एक गोष्ट टोचेल. घर सोडताना लेखिकेने देवावरील श्रद्धाही मागे ठेवली. हे वाचून हळहळ वाटणे स्वाभाविक आहे, परंतु दोष कोणाच्या माथी मारावा? बायबल वाचण्याची एकच रीत तिला शिकवली गेली होती: संदर्भ सोडून, इतिहास सोडून, दया सोडून, प्रत्येक वचन सुटे करून दगडासारखे हाती घ्यायचे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली दैवी प्रकटीकरणावरील संविधानात शिकवले की, लेखकाचा हेतू, त्याचा काळ आणि संपूर्ण शास्त्राची एकसंधता ध्यानी घेऊन पवित्र शास्त्र वाचावे. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने समलिंगी व्यक्तींना आदराने, करुणेने व हळुवारपणे वागवावे असे बजावले. हे तिच्यापर्यंत पोचलेच नव्हते. तिने ज्या देवाला नाकारले तो आजोबांच्या फलकावरचा देव होता. त्याला नाकारणे ही सद्‍सद्विवेकबुद्धीची आज्ञा होती, असे मला वाटते; आणि सद्‍सद्विवेक हे माणसाच्या अंतरातील देवाचे एकांतस्थान आहे, असे तीच परिषद सांगते.

लक्ष्मीबाईंची आठवण येथे पुन्हा होते. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई मागे राहिल्या. पाच वर्षांनी, १९०० साली, त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या. दोन्ही काठांचे दुःख त्यांनी जाणले, म्हणून 'स्मृतिचित्रे' हसत हसत रडवतात. मेगनच्या आईने मात्र तो ओढा ओलांडलेला नाही. आजोबा मार्च २०१४ मध्ये वारले. अखेरच्या दिवसांत त्यांच्याच मंडळीने त्यांना बहिष्कृत केले होते, असे बाहेर पडलेल्या नातवंडांनी सांगितले आहे. ज्याने कुंपण घातले त्यालाच कुंपणाबाहेर मरण आले.

हे सारे दूरदेशीचे आहे, असे म्हणून पुस्तक बाजूला ठेवता आले असते. मला ते जमले नाही. वाळीत टाकणे हा शब्द आपल्या मातीतला आहे. त्यासाठी महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. आपल्या गावांतूनही काही कुटुंबे धर्मग्राम सोडून लहानमोठ्या प्रार्थनागटांत गेली आहेत. त्यांतले काही गट निर्मळ भक्तीचे आहेत, काही माणसाला आपल्याच आईवडिलांपासून तोडणारे आहेत. अशाच एका गटात गेलेली आमच्या ओळखीची एक मुलगी काही वर्षांपूर्वी वडिलांच्या अंत्यविधीला आली होती. मिस्सा चालू असताना ती चर्चच्या दाराबाहेर उभी होती. तिच्या नव्या मंडळीने आत जाण्यास मना केले होते, आणि आम्हांपैकी कोणी तिला आत बोलावले नाही. दफनविधी आटोपल्यावर लोक तिला वळसा घालून गेले. त्या लोकांत मीही होतो.

तेव्हा मला वाटले होते की, आपण श्रद्धेची बाजू राखली. 'अनफॉलो' वाचल्यावर तसे वाटत नाही. तिच्याजवळ जाऊन वडिलांविषयी दोन शब्द बोलायला मला कोणत्या धर्मशास्त्राची गरज होती? ती परतली असती की नाही, हा प्रश्न वेगळा. अबिटबोलनेही मेगन परत यावी म्हणून गोड पदार्थ आणला नव्हता. ती त्याच्या धर्माची नव्हतीच. भेटायचे ठरले होते, आणि भेटायला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये, एवढेच त्याला ठाऊक होते.

आपल्या धर्मग्रामांतील वाचनालयांनी हे पुस्तक अवश्य ठेवावे. तरुणांनी ते वाचावे, पण त्यांच्या आईवडिलांनी आधी वाचावे. ज्यांच्या घरातील कोणी उंबरठा ओलांडून गेले आहे, त्यांनी ते वाचून झाल्यावर दाराची कडी एकदा तपासून पाहावी.